साबी सँड खाजगी वन्यजीव राखीव क्षेत्र

साबी सँड : दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताकातील एक प्रसिद्ध खाजगी वन्यजीव राखीव क्षेत्र. क्षेत्रफळ सु. ६५,००० हेक्टर. ते म्पुमलांगा प्रांतात (१९९४ पूर्वीचा ट्रान्सव्हाल प्रांत) क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण भागाला पश्चिमेकडून लागून आहे. दक्षिण सीमेजवळून वाहणारी साबी आणि क्षेत्राच्या मधून वाहणारी सँड या दोन नद्यांवरून त्याला हे नाव मिळाले. ही एका मालकाची जमीन नसून अनेक जमीनमालकांनी आपापल्या जमिनी एकत्र आणून स्थापन केलेला हा संघ आहे. बिबळ्या अगदी जवळून पाहावयास मिळण्याचे ठिकाण आणि सुखसोयींनी युक्त अशा महागड्या सफारींचे केंद्र म्हणून त्याची जगभर ख्याती आहे. थोड्या पर्यटकांकडून पुष्कळ पैसा घ्यावयाचा आणि त्यावर वन्यजीवांची भूमी राखावयाची, हा येथील व्यवहाराचा पाया होय. या व्यवहारामुळे वन्यजीवांना संरक्षण लाभले हे निर्विवाद आहे. तथापि जमीन कोणाची व लाभ कोणाला, हे प्रश्नही त्याच्याशी निगडित आहेत.

स्थान व निसर्ग : ड्रेकन्सबर्ग पर्वताचा उतार आणि लेबोंबो टेकड्या यांच्या दरम्यानच्या सखल मैदानी प्रदेशास लोव्हेल्ड म्हणतात. साबी सँड याच प्रदेशात मोडते. पाऊस मुख्यत्वे उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो. मे ते सप्टेंबर हा काळ कोरडा व थंड असतो. या कोरड्या काळात गवत खुरटते, झुडपांची पाने गळतात आणि प्राणी नद्या व पाणवठे यांच्या आसपास एकवटतात. त्यामुळे वन्यजीव पाहण्यास हाच काळ सर्वांत सोयीचा ठरतो.

प्रदेश उघड्या वृक्षयुक्त गवताळ रानाचा, म्हणजे सॅव्हाना प्रकारचा आहे. ग्रॅनाइट खडकापासून बनलेल्या जमिनीवर टेकाडांच्या माथ्यावर वालुकामय माती व खोलगट भागांत चिकण माती असते आणि तदनुसार वनस्पतीही बदलतात. आंब्याच्या कुलातील मरुला, ऐन व हिरडा यांच्या कुलातील लेडवुड, काटेरी नॉबथॉर्न हे येथील वैशिष्ट्यपूर्ण वृक्ष होत. नदीकाठी टेंभुर्णीच्या प्रजातीतील जॅकलबेरी व उंबराच्या प्रजातीतील सिकॅमोर हे मोठे वृक्ष दाट सावली धरून उभे असतात. त्यांच्या आडव्या फांद्यांवर बिबळे आपले भक्ष्य तरस व सिंह यांच्यापासून सुरक्षित ठेवतात. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा व आफ्रिकी रानम्हैस या पाच प्राण्यांखेरीज जिराफ, झेब्रा, नू, कुडू, न्याला, इंपाला, पाणघोडा, सुसर, ठिपकेवाला तरस, चित्ता व आफ्रिकी रानकुत्रा हे प्राणी येथे आढळतात. पहिल्या पाच प्राण्यांस मिळून इंग्रजीत ‘बिग फाइव्ह’ म्हणजे ‘थोर पाच’ असे म्हणतात. पायी शिकार करताना अत्यंत धोकादायक ठरणारे प्राणी म्हणून शिकाऱ्यांनी हे नाव रूढ केले. आज ते सफारीच्या जाहिरातीत वापरले जाते, हे या क्षेत्राच्या इतिहासाशी सुसंगतच आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंत, कातडी व शिंगे यांसाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे ट्रान्सव्हालमधील वन्यप्राणी झपाट्याने घटले. १८९६ च्या सुमारास गुरांच्या बुळकांडी रोगाची साथ आली व रानम्हशी, कुडू इत्यादींचा मोठा संहार झाला. १८९८ मध्ये पॉल क्रूगर याच्या अध्यक्षतेखालील ट्रान्सव्हाल प्रजासत्ताकाने साबी व क्रॉकोडाइल या नद्यांमधील प्रदेश साबी राखीव क्षेत्र म्हणून घोषित केला. दुसऱ्या अँग्लो-बोअर युद्धानंतर १९०२ मध्ये ब्रिटिशांनी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन याची तेथे अधिकारी म्हणून नेमणूक केली. त्याने शिकार कठोरपणे थांबविली व राखीव क्षेत्रातील वस्त्याही हलविल्या. स्थानिक लोकांनी त्याला ‘स्कुकुझा’ असे नाव दिले. ‘झाडून साफ करणारा’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. क्रूगर उद्यानाच्या मुख्य ठाण्याचे आजचे नाव हेच आहे.

१९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा होऊन क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्या वेळी जुन्या साबी राखीव क्षेत्राचा पश्चिमेकडील काही भाग उद्यानातून वगळण्यात आला. या भागातील जमिनी गोऱ्या मालकांकडे होत्या किंवा नंतर त्यांच्याकडे गेल्या. गुरेपालनास हा प्रदेश फारसा अनुकूल नव्हता. सिंहांचा उपद्रव व जनावरांचे रोग यांमुळे नफा मिळत नसे. त्यामुळे शहरांतील सधन मंडळींनी तो हिवाळ्यातील शिकारीसाठी विकत घेतला. स्पार्टा ही जमीन १९२६ मध्ये चार्ल्स व्हार्टी व फ्रँक अंगर यांनी, तर मालामाला ही जमीन त्यानंतर नाताळमधील साखर-उद्योजक विल्यम कँबेल याने घेतली. १९३४ मध्ये जमीनमालकांनी एक खाजगी राखीव क्षेत्र स्थापन केले आणि १९४८ मध्ये सध्याचा साबी सँड संघ अस्तित्वात आला. आफ्रिकेतील खाजगी राखीव क्षेत्रांच्या चळवळीतील हा एक आद्य प्रयत्न मानला जातो. पुढे क्रूगरच्या पश्चिम सीमेवर टिंबावाटी, क्लासेरी इ. क्षेत्रे याच धर्तीवर निर्माण झाली.

शिकारीकडून दर्शनाकडे : ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द असून त्याचा अर्थ प्रवास असा आहे. तो मूळ अरबीतून आला. मराठीतील ‘सफर’ हा शब्दही त्याच मुळापासून फार्सीमार्फत आलेला आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सफारी म्हणजे हमालांचा तांडा घेऊन केलेली शिकारीची मोहीम असा अर्थ यूरोप-अमेरिकेत रूढ झाला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांच्या १९०९–१० मधील पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेने या अर्थाला प्रसिद्धी मिळाली. पाहण्यासाठी जाणे व मारण्यासाठी जाणे यांतील फरक हळूहळू स्पष्ट होत गेला. १९२० नंतरच्या काळात दक्षिण आफ्रिकी रेल्वेच्या सहलीच्या गाड्या साबी राखीव क्षेत्रातून जाऊ लागल्या. १९२७ मध्ये क्रूगर उद्यान मोटारींसाठी खुले झाले, तेव्हा पहिल्या वर्षी केवळ तीन मोटारी आल्या.

साबी सँडमध्ये हे परिवर्तन १९६० नंतर घडले. १९६४ मध्ये रॅट्रे कुटुंबाने मालामाला विकत घेतले व बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते विकसित केले. स्पार्टा येथील व्हार्टी कुटुंबात वडिलांच्या निधनानंतर डेव्हिड व जॉन या तरुण बंधूंनी शिकारीचे ठिकाण विकून न टाकता तेथे पर्यटन सुरू केले. पुढे त्या ठिकाणास ‘लोंडोलोझी’ हे नाव मिळाले. ‘राखणे, जपणे’ या अर्थाच्या झुलू क्रियापदावरून ते घेतलेले आहे. प्रारंभी मातीच्या काही झोपड्या एवढेच तेथील वैभव होते. केन टिन्ली या परिस्थितिविज्ञाच्या सल्ल्याने त्यांनी अतिचराईने माजलेली झुडपे काढली, धुपून गेलेल्या ओघळींमध्ये पाणी अडविले व गवताळ कुरणे पुन्हा तयार केली. १९९३ मध्ये सिंगिता या निवासाची भर पडली. वर्णद्वेषी राजवट संपून आंतरराष्ट्रीय बहिष्कार उठल्यानंतर परदेशी पर्यटकांचा ओघ वाढला आणि साध्या छावण्यांची जागा खाजगी पोहण्याचे तलाव, ग्रंथसंग्रह व उत्तम पाकशाळा असलेल्या निवासांनी घेतली.

सफारीची पद्धती : क्रूगर उद्यानात पर्यटक स्वतःची मोटार घेऊन जाऊ शकतो, मात्र ठराविक रस्ता सोडण्यास व सूर्यास्तानंतर बाहेर राहण्यास त्याला मनाई असते. साबी सँडमधील पद्धत वेगळी आहे. येथे मुक्कामी पाहुण्यांनाच सफारी करता येते व ती निवासाच्या उघड्या मोटारीतूनच करावी लागते. दिवसातून दोन फेऱ्या असतात. पहिली पहाटे निघते व उन्ह तापण्यापूर्वी परत येते. दुसरी दुपार कलल्यावर निघून रात्री प्रकाशझोताच्या साहाय्याने संपते. प्राण्यांच्या हालचालीच्या वेळा हेच या वेळापत्रकाचे कारण होय. रात्रीचे भोजन बहुधा ‘बोमा’ या नावाच्या, काटक्यांच्या कुंपणाने वेढलेल्या वर्तुळाकार अंगणात शेकोटीभोवती दिले जाते.

मोटारीत चालक-मार्गदर्शक व माग काढणारा असे दोघे असतात. माग काढणारा पुढच्या बाजूस बसविलेल्या आसनावर बसतो. तो पुष्कळदा शेजारच्या त्सोंगा भाषिक वस्तीतील असतो. पावलांचा ठसा ताजा की शिळा, त्यावर दव पडले आहे की किड्यांनी रेघा ओढल्या आहेत, प्राणी चालत होता की दबा धरून होता, हे तो धुळीवरून ओळखतो. माकडे व खारी यांचे भयसूचक आवाज, इंपालांचे एका दिशेने रोखलेले कान, गिधाडांचे उतरणे यांवरूनही तो अनुमान काढतो. ही विद्या गुरे राखताना व शिकार करताना पिढ्यान्‌पिढ्या मुखपरंपरेने आली. तरुण पिढीत ती लुप्त होऊ नये म्हणून २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत माग काढण्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी ‘ट्रॅकर अकॅडमी’ ही संस्था सुरू झाली. वाघ-सिंहांच्या चित्रांवरून सफारीची कल्पना करणाऱ्या वाचकाला कदाचित जाणवणार नाही. परंतु पाहुण्यास प्राणी दिसतो तो बव्हंशी या माणसाच्या ज्ञानामुळे.

मार्गदर्शक बिनतारी यंत्रावरून एकमेकांस प्राण्याचे ठिकाण कळवितात व एका प्राण्याभोवती एका वेळी मोजक्याच मोटारी थांबतील असा नियम पाळतात. बिबळ्या, सिंह यांच्यासारख्या प्राण्यांच्या मागे रस्ता सोडून झुडपांत मोटार नेण्याची मुभा असते. मात्र ओल्या जमिनीवर चाकोऱ्या उमटून धूप होत असल्याने पावसानंतर त्यावर निर्बंध घालतात. पाहुण्यांनी मोटारीत उभे राहू नये, असा दंडक असतो. मोटारीची सलग आकृती प्राण्यांना परिचित असते. उभ्या माणसामुळे ती भंगते व प्राणी बिथरतात. पायी फेरीत मार्गदर्शकाजवळ रायफल असते.

साबी सँडच्या कीर्तीचे मुख्य कारण बिबळ्या हे आहे. हा प्राणी स्वभावतः निशाचर व लाजाळू. १९७९ मध्ये लोंडोलोझी येथे एक मादी मोटारीस न बुजता नियमितपणे दिसू लागली. मार्गदर्शकांनी तिचा पाठलाग न करता दूर थांबण्याची पद्धत अवलंबिली आणि तिच्या पिलांनाही मोटारींची सवय होत गेली. मिशांच्या वरच्या ओळीतील ठिपक्यांच्या मांडणीवरून बिबळे वेगवेगळे ओळखता येतात. अशा ओळखीमुळे मार्गदर्शकांनी अनेक पिढ्यांच्या वंशावळी नोंदविल्या असून या नोंदी बिबळ्याच्या जीवनक्रमाच्या शास्त्रीय अभ्यासास उपयोगी पडल्या आहेत. बिबळ्यांची येथील घनता आफ्रिकेत नोंदविलेल्या सर्वाधिक घनतांपैकी आहे.

मालकी व अर्थव्यवहार : दक्षिण आफ्रिकेत प्रचलित असलेल्या रोमन-डच कायद्यानुसार मोकळा वन्यप्राणी ही अस्वामिक वस्तू मानली जाते. १९९१ च्या कायद्याने पुरेशा कुंपणाच्या आतील प्राण्यांवर जमीनमालकाची मालकी मान्य केली. त्यामुळे देशात शेती व पशुपालन सोडून वन्यप्राणी राखण्याकडे कल वाढला. अशा खाजगी क्षेत्रांची संख्या आज हजारोंच्या घरात असून त्यांपैकी अनेकांचे उत्पन्न शिकार, मांस व जिवंत प्राण्यांची विक्री यांतून येते. साबी सँड मात्र क्रूगरकडे खुले असल्याने तेथील प्राणी आज एका जमिनीत, तर उद्या राष्ट्रीय उद्यानात असतात. निवासाचा मालक प्राणी विकत नसून ते पाहण्याची संधी विकतो. शेजारचे मालक परस्परांच्या जमिनीवरून मोटारी नेण्याचे हक्क कराराने देतात, कारण लहान जमिनीवर सिंह किंवा बिबळ्या रोज सापडेल अशी खात्री नसते.

प्रसिद्ध निवासांत माणशी एका रात्रीचे शुल्क दहा हजार रँडांच्या बरेच वर असते. पाहुणे थोडे ठेवल्यामुळे रानावरील ताण मर्यादित राहतो. प्रत्येक पाहुण्यामागे अनेक कर्मचारी लागत असल्याने रोजगारही निर्माण होतो. या व्यवस्थेचा दुबळेपणा २०२० मध्ये दिसून आला. कोव्हिड साथीमुळे मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, परदेशी पर्यटक थांबले आणि उत्पन्न आटले; पण रक्षक, कुंपण व गस्त यांवरील खर्च थांबविता येण्यासारखा नव्हता.

व्यवस्थापनातील प्रश्न : जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा प्रसार रोखण्यासाठी १९६० नंतर क्रूगरच्या पश्चिम सीमेवर कुंपण घालण्यात आले. त्यामुळे नू व झेब्रे यांच्या कळपांचे पश्चिमेकडील हंगामी स्थलांतर खंडित झाले व त्यांची संख्या घटली. १९९३ मध्ये साबी सँड व क्रूगर यांच्यामधील कुंपण काढण्यात आले आणि रोगप्रतिबंधक कुंपण खाजगी क्षेत्राच्या पश्चिम सीमेवर राहिले. त्यानंतर हत्तींची संख्या बरीच वाढली. साली सोलल्याने व उन्मळल्याने मरुलासारखे मोठे वृक्ष नष्ट होऊ लागले, म्हणून काही ठिकाणी खोडांना तारेची जाळी गुंडाळतात.

पाहुण्यांना प्राणी दिसावेत म्हणून कृत्रिम पाणवठे निर्माण करण्याचा मोह खाजगी क्षेत्रांत प्रबळ असतो. त्याचे परिणाम क्रूगरच्या सीमेवरील क्लासेरी क्षेत्रात १९८२–८३ च्या अवर्षणात प्रत्ययास आले. तेथे पाणवठे इतके जवळजवळ होते, की पाण्यापासून दूर असलेले व म्हणून संकटकाळासाठी शिल्लक राहिलेले कुरणच उरले नव्हते. पाणी उपलब्ध असूनही असंख्य प्राणी उपासमारीने मेले. या अनुभवानंतर अनेक ठिकाणी पाणवठे कमी करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

गेंड्यांची चोरटी शिकार हा अलीकडील गंभीर प्रश्न होय. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंडे मारले गेले होते. २०१४ मध्ये ही संख्या १,२१५ वर पोहोचली. गस्त, श्वानपथके व विमाने यांवर मोठा खर्च होऊ लागला. क्रूगर व त्याभोवतालच्या एकूण ११ राखीव क्षेत्रांतील २०१७ ते २०२३ या काळाचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गेंड्यांची शिंगे वेदनारहित रीतीने कापून टाकल्याने चोरट्या शिकारीत सु. ७८ टक्के घट झाल्याचे त्यात आढळले. शिंग पुन्हा वाढत असल्याने ही क्रिया ठराविक काळाने करावी लागते.

जमिनीचा प्रश्न : साबी सँडच्या पश्चिमेस बुशबकरिज हा दाट वस्तीचा प्रदेश आहे. त्याची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक आहे. वर्णद्वेषी राजवटीत त्याचे भाग त्सोंगा भाषिकांसाठी गाझानकुलू व उत्तर सोथो भाषिकांसाठी लेबोवा अशा ‘स्वदेशां’त विभागले होते आणि अन्यत्र उठविलेल्या कुटुंबांना येथे आणून वसविण्यात आले. कुंपणाच्या एका बाजूस पर्यटकांची विमाने उतरतात, तर दुसऱ्या बाजूस बेकारी व पाणीटंचाई आहे. निवासांतील नोकऱ्या हा या प्रदेशाचा महत्त्वाचा आधार असला, तरी रोगप्रतिबंधक निर्बंधांमुळे गुरांच्या विक्रीवर येणाऱ्या मर्यादा आणि कुंपणाबाहेर येणाऱ्या सिंह-हत्तींचा उपद्रव हेच लोक सोसतात.

१९१३ च्या भूमिविषयक कायद्याने कृष्णवर्णीयांना देशाच्या बहुतेक भागात जमीन घेण्यास बंदी केली होती. १९९४ च्या पुनःस्थापन कायद्याने १९ जून १९१३ नंतर वांशिक कायद्यांमुळे जमीन गमावलेल्यांना दावा करण्याचा हक्क दिला. त्यानुसार न्वांडलामारी समाजाने मालामालावर दावा केला. दीर्घ वाटाघाटींनंतर २०१३ मध्ये सरकारने सु. एक अब्ज रँडांहून अधिक रक्कम देऊन सु. १३,००० हेक्टर जमीन विकत घेतली व त्या समाजाच्या नावे केली. सफारीचा व्यवसाय बंद न करता समाजाने तो चालू ठेवला. यापूर्वी क्वाझुलू-नाताळमधील फिंडा या खाजगी क्षेत्राची सु. ९,००० हेक्टर जमीन २००७ मध्ये माकासा व म्नकोबोकाझी समाजांना परत मिळाली व त्यांनी ती भाडेपट्ट्याने सफारीसाठीच दिली. क्रूगरच्या उत्तरेकडील माकुलेके लोकांनाही १९६९ मध्ये सोडावी लागलेली जमीन १९९८ मध्ये परत मिळाली आणि त्यांनीही ती वन्यजीवांसाठीच राखली. मालकी बदलली तरी वन्यजीव टिकू शकतात, हे या उदाहरणांनी दाखविले आहे. मिळालेले उत्पन्न समाजातील सर्व कुटुंबांपर्यंत कसे पोहोचावे, हा मात्र अशा ठिकाणी वारंवार उद्‌भवणारा वाद होय.

भारतातील राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये शासनाने घोषित केलेली असून ताडोबा-अंधारीसारख्या व्याघ्र प्रकल्पात पर्यटक वन विभागाच्या परवानगीच्या वाहनांतून ठरलेल्या मार्गांनी फिरतात. निवासाचा मालक त्या रानाचा मालक नसतो. तरीही दक्षिण आफ्रिकेतील खाजगी क्षेत्रांशी भारताचा संबंध आला आहे. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते आणण्यात आले. त्यांपैकी काही फिंडासारख्या खाजगी राखीव क्षेत्रांतील होते. कुंपणबंद खाजगी क्षेत्रांमध्ये चित्त्यांची वेळोवेळी अदलाबदल करून त्यांची संख्या वाढविण्याच्या पद्धतीमुळेच ते देणे शक्य झाले.